एका ख्रिस्ती घराचें पंचांग

एखाद्या घराची खरी ओळख करून घ्यावयाची असली, तर त्या घरांत वर्षाचे दिवस कसे मोजले जातात तें पाहावें. सरकारी हिशेबाचें वर्ष एप्रिलांत सुरू होतें, शाळेचें जूनमध्यें; परंतु घरच्या बायकांचें वर्ष गुढीपाडव्यापासून चालतें. चैत्रांतील हळदीकुंकू, वैशाखांतील सांडगे-पापड, आषाढांतील तळण, श्रावणांतील व्रतें, भाद्रपदांतील गौरी-गणपति, आश्विनांतील फराळ, पौषांतील तिळगूळ हा क्रम कोणास शिकवावा लागत नाहीं. मुलें तो पाटावर बसून, खाऊनपिऊन शिकतात. एखाद्याचा धर्म कोणता हें तो तोंडानें सांगेल. पण तो धर्म त्याच्या अंगांत किती मुरला आहे, हें त्याच्या घरचें पंचांगच सांगतें.

आम्ही धर्मानें ख्रिस्ती आहों. आमचें बालपण साताऱ्यास गेलें आणि नोकरीचीं बत्तीस वर्षें सांगलीकडे मुलांस संस्कृत व मराठी शिकविण्यांत गेलीं. सहकारी, शेजारी व विद्यार्थी यांत ब्राह्मण घरांतील माणसें पुष्कळ; त्यांच्या पंक्तीस आम्ही बसलों आहों व तीं आमच्या घरीं आलीं आहेत. या स्नेहांत एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यांत आला. "मास्तर, तुमचा नाताळ आम्हांस ठाऊक आहे. पण बाकीचें वर्ष तुम्ही काय करतां?" प्रश्न कौतुकाचा असे, आणि आम्ही कांहीं तरी थोडक्यांत सांगत असूं. अलीकडे मात्र तोच प्रश्न आमच्या घरांतील तरुण माणसें निराळ्या शब्दांत विचारतात. हा चाळीस दिवसांचा उपवास, हे आगमनाचे रविवार, हीं मंदिरांतील जांभळीं-पांढरीं वस्त्रें, हीं सारीं आपलीं कशावरून? परक्यांनीं आणून दिलेलें वेळापत्रक आपण कां चालवावें? शेजाऱ्याच्या प्रश्नास थोडक्यांत उत्तर दिलें तरी चालतें. नातवाच्या प्रश्नास चालत नाहीं. त्या निमित्तानें जें मनांत आलें तें येथें लिहितों.

प्रथम तारखांचा गुंता सोडवूं. नाताळ २५ डिसेंबरला ठरलेला, यामुळें ख्रिस्ती सण तारखेनें चालतात अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु आमच्या वर्षाचा कणा नाताळ हा नव्हे. ईस्टर म्हणजे प्रभूच्या पुनरुत्थानाचा सण हा होय, आणि तो चंद्रावर चालतो. २१ मार्च हा वसंतसंपाताचा दिवस धरावयाचा, त्या दिवशीं अथवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल तिच्या पुढचा रविवार हा ईस्टर, असा पाश्चात्य मंडळ्यांचा नियम आहे. म्हणून तो २२ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत मागेंपुढें सरकतो. याचें मूळ असें कीं, येशू ख्रिस्ताचा वध यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या सुमारास झाला, आणि तो सण त्यांच्या नीसान महिन्याच्या पौर्णिमेस येतो. ३२५ सालीं निकीया येथें भरलेल्या परिषदेंत सर्व मंडळ्यांनीं हा सण एकाच दिवशीं पाळावा असें ठरलें, व पुढें त्याचें गणित बसविण्यांत आलें. त्या गणितांत १९ सौर वर्षें म्हणजे २३५ चांद्रमास असें कोष्टक आहे. १९ वर्षांचे साधे महिने २२८ होतात. राहिलेले ७ अधिक. आपल्या पंचांगांतहि १९ वर्षांत सुमारें ७ अधिकमास येतात, हें वाचकांस ठाऊक असेलच. चंद्र आणि सूर्य यांचा मेळ घालूं पाहणाऱ्या कोणासहि या ७ महिन्यांची भरती करावीच लागते, मग तो अलेक्झांड्रियाचा धर्मगुरु असो कीं उज्जयिनीचा ज्योतिषी असो.

याचा परिणाम असा होतो कीं आमचे मुख्य दिवस बहुधा आपल्या परिचयाच्या तिथींच्या आसपास येतात. २०२२ सालीं १ मार्चला महाशिवरात्र होती व २ मार्चला आमचा भस्म-बुधवार होता. एके दिवशीं शेजाऱ्यांच्या कपाळीं भस्म, आणि ज्या मंडळ्यांत राख लावण्याची चाल आहे तेथें दुसरे दिवशीं ख्रिस्ती कपाळीं. ही राख बहुधा गेल्या वर्षींच्या झावळ्यांच्या रविवारीं आणलेल्या झावळ्या जाळून करतात. २०१९ सालीं १९ एप्रिल रोजीं हनुमानजयंती व उत्तम शुक्रवार हे दोन्ही दिवस एकत्र आले. चाफळ, उंब्रज, मसूर, शिराळें, बहें अशा गांवीं समर्थांनीं स्थापिलेल्या मारुतींचा हा प्रदेश. पहाटे मारुतीच्या देवळांत जन्मकाळाची घंटा झाली, आणि दुपारीं बारापासून तीनपर्यंत आमच्या मंदिरांत वधस्तंभावरील सात उद्गारांचें मनन झालें. क्वचित् हा मेळ बिघडतो. २०२३ सालीं अधिक श्रावण आल्यामुळें पुढच्या वर्षींची चैत्री पौर्णिमा २३ एप्रिलपर्यंत लांबली. आमच्या नियमानें मात्र होळीचीच पौर्णिमा धरली गेली. त्यामुळें २०२४ सालीं २९ मार्चला उत्तम शुक्रवार व ३० मार्चला रंगपंचमी असा प्रसंग आला. ख्रिस्ती घरांतील मुलांनीं खिडकींतून रंग पाहिला, आणि आम्हीं त्यांस पंचांग काढून अधिकमास समजावून दिला.

तेव्हां हें वेळापत्रक विलायती आहे, हें म्हणणें पुरतेपणीं खरें नाहीं. तें पूर्वेकडचें आहे, आणि त्याची जात तिथीची आहे. तरीहि आमच्या आजोबांच्या घरीं तें नव्हतें, हेंहि तितकेंच खरें आहे. याचें कारण सांगितलें पाहिजे.

साताऱ्याकडील मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या, व कोल्हापूर-सांगली-मिरजेकडील अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनच्या परिश्रमानें वाढल्या. ख्रिस्ती बोलण्यांत 'मंडळी' म्हणजे एका ठिकाणच्या उपासकांचा समाज, हें येथें सांगून ठेवतों. यांपैकीं पहिलें मिशन मॅसॅच्युसेट्सकडील काँग्रिगेशनल पंथीयांनीं उभारलेलें. दुसऱ्याची परंपरा स्कॉटलंडकडील. दोन्ही परंपरांचा कटाक्ष असा कीं ज्या दिवसाची शास्त्रांत आज्ञा नाहीं, तो दिवस धर्माच्या नांवानें कोणावर लादूं नये. मॅसॅच्युसेट्समध्यें १६५९ सालीं नाताळ पाळणारास पांच शिलिंग दंड करणारा कायदा झाला होता. तो १६८१ सालीं रद्द झाला. स्कॉटलंडांत नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ सालीं सुरू झाली. अशा घरांतून आलेल्या माणसांनीं आमच्या वाडवडिलांस वर्षाचे बावन्न रविवार दिले, आणि त्यांपलीकडे फारसें कांहीं दिलें नाहीं. रविवारीं चूल बेताची, खरेदी-विक्री बंद, सकाळीं उपासना, दुपारीं शास्त्रपाठ. हा नेम त्यांनीं कडकपणें पाळला व त्यांत त्यांचें चारित्र्य घडलें.

त्यांच्या कटाक्षांत तथ्य नव्हतें असें कोणीं समजूं नये. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या लोकांनींच काढलेली आहे. दिवस पाळतां पाळतां मनुष्य दिवसाचा चाकर होतो आणि ज्याच्यासाठीं दिवस पाळावयाचा तो बाजूस राहतो, ही भीति प्रत्येक धर्मांतील विचारी पुरुषांस वाटत आलेली आहे. या मिशनरी मंडळींस आपल्या काळगणनेविषयीं तुच्छता होती असेंहि नाहीं. एबेनेझर बर्जेस या नांवाचे एक अमेरिकन मिशनरी १८३९ ते १८५४ या काळांत आपल्याकडे होते व नगर आणि सातारा येथें त्यांनीं काम केलें. मराठी शाळांसाठीं खगोलविद्येचें पाठ्यपुस्तक तयार करीत असतां त्यांस सूर्यसिद्धांताकडे वळावें लागलें. त्या ग्रंथाचें त्यांचें इंग्रजी भाषांतर, व्हिटनी या पंडिताच्या विस्तृत टिपांसह, अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकांत १८६० सालीं प्रसिद्ध झालें. ज्या पंथास सणांचें पंचांग नको होतें, त्या पंथाच्या मनुष्यानें आपल्या पंचांगाचा आधारग्रंथ इंग्रजी वाचकांच्या हातीं दिला. हें आम्ही वर्गांत सांगत असूं तेव्हां मुलें चकित होत.

तथापि बावन्न रविवारांनीं मन भरत नाहीं. रविवारास ऋतु नसतो. पेरणीचा रविवार आणि मळणीचा रविवार सारखाच. शेजारच्या वाड्यांत गौरी बसल्या असतां, दिव्यांची आरास झाली असतां, ख्रिस्ती घरांतील आईनें मुलांस काय सांगावें? "तें आपलें नव्हे" एवढेंच सांगितलें तर मुलास एक गोष्ट नाकारतां येते, पण धरतां येण्याजोगें कांहीं मिळत नाहीं. आमच्या वाडवडिलांपुढें ही अडचण रोजची होती.

ती सोडविली ती नव्या सणांनीं नव्हे. मराठी भाषेनें सोडविली. या वाटेचा उगम फार जुना आहे. गोव्यांत फादर स्टीफन्स यांनीं मराठी ओव्यांत रचलेलें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें. पुढें नगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या कीर्तनकारांनीं ख्रिस्तचरित्राचीं कीर्तनें केलीं. परंतु घराघरांत हा प्रवाह पोंचविला तो रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं. टिळकांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांत झाला. १८९५ सालीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, व पुढें बराच काळ ते नगरास राहिले. १९१७ सालीं मिशनची पगारी नोकरी सोडून, संन्यस्त वृत्तीनें ते साताऱ्यास आले आणि तेथें त्यांनीं 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांसहि त्या दरबारांत जागा होती. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें निधन झालें. म्हणजे हा दरबार त्यांस जेमतेम दोन वर्षें लाभला. त्यांचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीं पुढें पुरें केलें. लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' आमच्या वाचकांच्या कपाटांत असतीलच. त्यांविषयीं अधिक सांगण्याचें कारण नाहीं.

टिळकांनीं आमच्या पंचांगांत एकहि दिवस घातला नाहीं. जे होते त्या दिवसांस त्यांनीं मराठी कंठ दिला. आमच्या लहानपणीं साताऱ्यास उत्तम शुक्रवारच्या दुपारीं 'उपासना-संगीत' या आमच्या गीतसंग्रहांतील त्यांचीं पदें टाळ-मृदंगाच्या साथीवर म्हटलीं जात. बाहेर चैत्राचें ऊन रणरणत असे, मंदिराचीं दारें उघडीं असत, आणि रस्त्यानें जाणारा एखादा वारकरी सूर ओळखीचा वाटून क्षणभर पायरीशीं थांबे. आंत कोणत्या प्रभूचें गुणगान चाललें आहे हें कळल्यावर तो कधीं पुढें जाई, कधीं बसे. त्यास कोणीं बोलावीत नसे व कोणीं उठवीतहि नसे.

पुढें २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही संयुक्त मंडळी झाली. तींत अँग्लिकन परंपरेचे लोकहि होते, व आमच्याकडील पुष्कळ मंडळ्याहि तींत सामील झाल्या. या सहवासानें वर्षाचा जुना क्रम आमच्या घरीं अधिक परिचित झाला. नाताळपूर्वींचे चार आगमनाचे रविवार, ईस्टरपूर्वींचा चाळीस दिवसांचा उपवासकाल, स्वर्गारोहणाचा गुरुवार, पेंटेकॉस्ट म्हणजे पन्नासाव्या दिवसाचा सण, आणि प्रत्येक काळाचा निराळा रंग. आमच्या वडील पिढींतील कांहींस हें रुचलें नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं ज्या ओझ्यांतून आपण सुटलों तेंच मागील दारानें आंत आलें. तरुणांस आतां तें दुसऱ्या कारणानें रुचत नाहीं. त्यांस तें जुनाट वाटतें. दोघांच्या मध्यें बसून आम्हीं बरीच वर्षें हा क्रम पाळून पाहिला आहे, आणि त्या अनुभवावरून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट उपवासाची. ज्या उत्तरेकडील देशांत हा क्रम वाढला, तेथें उपवासकाल म्हणजे हिंवाळ्याचा शेवट. 'लेंट' या इंग्रजी नांवाचा मूळ अर्थच वसंत ऋतु असा आहे. तेथें त्या दिवसांत कोठारें रितीं होत आलेलीं असत, म्हणून उपवास व टंचाई हीं बरोबरीनें येत. आमच्याकडे नेमकें उलटें आहे. फाल्गुन-चैत्र हे सुगीचे दिवस. शाळू खळ्यावर येतो, हरभरा-गहूं घरांत पडतो, गुऱ्हाळें चाललेलीं असतात, तासगांवकडे द्राक्षांचे मांडव लगडतात, आणि सांगलीच्या पेठेंत नव्या हळदीचे सौदे सुरू होतात. अशा भरल्या दिवसांत हात आखडणें कठीण जातें. पण आमच्या मतें त्यामुळेंच आमच्याकडील उपवासास अधिक अर्थ येतो. घरांत कांहीं नसतांना न खाणें यांत व्रत कसलें? मात्र केवळ मांसमटण वर्ज्य करून पुरणपोळीवर ताव मारणें हा उपवास नव्हे, हें ख्रिस्ती गृहस्थासहि एकादशीकरी गृहस्थाइतकेंच लागू आहे. यशया संदेष्ट्यानें फार प्राचीन काळीं आपल्या लोकांस बजाविलें होतें कीं भुकेल्यास आपल्या घासांतला घास न देतां केलेला उपवास देवास मान्य होत नाहीं.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. पेंटेकॉस्टचा सण १० मे ते १३ जून यांच्या दरम्यान येतो. त्यानंतर आगमनकाल लागेपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत, आमच्या पंचांगांत ठळक असा मोठा सण जवळजवळ नाहीं. मंदिरांत हिरवें वस्त्र चढतें तें सहा महिने उतरत नाहीं. उत्तरेकडे हे दिवस उन्हाळ्याचे, शेतावर राबण्याचे. आपल्याकडे हाच चातुर्मास. शेजारच्या घरीं एकामागून एक सण, आणि ख्रिस्ती घरीं सामसूम. आमच्या मुलांचें मन ज्या महिन्यांत सर्वांत अधिक बाहेर ओढलें जातें, त्याच महिन्यांत आमचें पंचांग कोरें असतें. आणि याच महिन्यांत सांगलीचें खरें संकट येतें. २००५, २०१९ व २०२१ या तीन वर्षीं कृष्णेचा पूर गांवांत शिरला. २०१९ च्या ऑगस्टांत घरें सोडून माणसें उंचावरील शाळांत व कार्यालयांत राहिलीं. त्या दिवसांत कोणीं कोणाचा सण विचारला नाहीं. भाकऱ्यांचे गठ्ठे सर्व वस्त्यांतून येत होते. पूर ओसरल्यावरच्या रविवारीं आम्ही मंदिरांत गेलों. भिंतींवर पाण्याची रेघ होती आणि त्या दिवशींच्या नेमलेल्या पाठांत पुराविषयीं एक अक्षर नव्हतें. पाळकांनीं तो पाठ बाजूस ठेवला व नोहाची कथा वाचली. पंचांगास जें ठाऊक नव्हतें तें त्यांस ठाऊक होतें.

यावरून आम्हांस असें वाटतें कीं मिळालेला क्रम टाकूं नये. त्यांत आपला ऋतु भरावा. यास जुना आधार आहे. सुमारें ४७० सालीं फ्रान्समधील व्हिएन गांवच्या मामेर्तुस नांवाच्या बिशपानें गांवावर आलेल्या संकटांत स्वर्गारोहणाच्या आधींचे तीन दिवस उपवास व प्रार्थना करीत फेरी काढण्याची चाल घातली. पुढें ती शेतांसाठीं करावयाची प्रार्थना म्हणून युरोपभर पसरली. स्वर्गारोहणाचा गुरुवार ३० एप्रिल ते ३ जून यांच्या दरम्यान येतो. म्हणजे हे तीन दिवस आपल्याकडे मृगाच्या अगोदर, नांगरट होऊन शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो त्या वेळीं येतात. जुन्या पंचांगांत निजून राहिलेला हा दिवस सातारा-सांगलीच्या शेतकऱ्यासाठींच नेमला असावा असें वाटण्याइतका येथें चपखल बसतो. बियाण्याची मूठ मंदिरांत आणावी, प्रार्थना करावी आणि ती पहिल्या पाभरींत टाकावी, यांत कोणत्याहि शास्त्राचा भंग नाहीं. सुगीनंतर उपकारस्तुतीच्या रविवारीं जोंधळा, गूळ, भोपळे, हळकुंडें घेऊन आमचे लोक येतातच. मग पेरणीपूर्वीं रिकाम्या हातानें कां राहावें?

बेंदराचाहि असाच प्रश्न आहे. आमच्याकडील ख्रिस्ती शेतकऱ्यानें त्या दिवशीं बैल धुवावे कीं नाहीं, यावर आम्हीं मोठे वाद ऐकले आहेत. आमचें मत असें कीं पूजा करूं नये, पण बैल धुवावा, त्यास गोड घास द्यावा व जूं त्याच्या मानेवर त्या दिवशीं ठेवूं नये. विश्रामवाराच्या आज्ञेंत, अनुवादाच्या पुस्तकांतील पाठांत, बैलासहि विसावा देण्यास सांगितलें आहे. जी आज्ञा आम्हीं आठवड्यास पाळावयाची, ती शेजाऱ्याच्या सणामुळें वर्षांतून एकदां आठवली, तर त्यांत लाजण्याजोगें काय आहे?

येथें एक अवघड गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आम्ही टाळ वाजविला, नाताळास करंज्या-चकल्या केल्या, ईस्टरच्या पहाटे कबरस्थानांत आप्तांच्या कबरींवर फुलें वाहून ओव्या म्हटल्या, कीं दोन्ही बाजूंनीं संशय येतो. कांहीं हिंदु मित्रांस वाटतें कीं हें वरचें सोंग आहे, आंत जाळें आहे. कांहीं ख्रिस्ती बांधवांस वाटतें कीं आम्ही मागें सरकत आहों. एका गांवच्या मंडळींत तर, अभंग म्हटल्यानें उपासना 'जुन्या वळणाची' होते म्हणून टाळ कपाटांत बंद करण्यांत आले, आणि त्यांच्या जागीं वीजवाद्यावर परभाषेंतील गीतांच्या चालींवर बसविलेलीं पदें आलीं. तेथील म्हाताऱ्या बायका आतां ओठ मिटून बसतात. त्यांस तीं पदें येत नाहींत; आणि जीं येतात तीं म्हणण्यास जागा राहिली नाहीं. आम्हांस हें दुःख फार मोठें वाटतें. ज्या बायांनीं अक्षरओळख नसतांना सारा ख्रिस्तचरित्राचा भाग अभंगांतून पाठ केला, त्यांच्याबरोबर तो ठेवा मातींत जाईल.

दोन्ही संशयांस आमचें उत्तर एकच आहे. सूर हा भाषेचा असतो, आणि भाषा आमची आहे. ती आम्हीं कोणाकडून उसनी आणली नाहीं व परत करावयाचीहि नाहीं. करंजींत सारण कोणतें आहे हें करंजी तळणाऱ्यास ठाऊक असतें. आमच्या उपासनेचा गाभा ख्रिस्त आहे, हें आम्हीं कधीं लपविलें नाहीं व त्याची लाज धरली नाहीं. ज्यास तो गाभा नको असेल, त्यानें आमच्या करंज्या खाऊन खुशाल घरीं जावें. पुढच्या नाताळासहि त्याच्या घरीं ताट जाईल.

आतां नातवाच्या प्रश्नाविषयीं. हे दिवस आपले कशावरून, असें त्यानें विचारलें तेव्हां आम्हीं त्यास निकीयाची परिषद सांगितली नाहीं. आमच्या घरीं भस्म-बुधवारापासून एक जुना नेम आहे. स्वयंपाकास धान्य काढतांना माणशीं एक मूठ निराळ्या डब्यांत टाकावयाची, व त्या मानानें रांधावयाचें कमी. भस्म-बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. त्यांतील ६ रविवार वजा जातां ४० दिवस उरतात. घरांत सहा माणसें. म्हणजे २४० मुठी. एके वर्षीं नातवानेंच तें धान्य काट्यावर घातलें, तें बारा किलोंवर भरलें. मिरज हें दवाखान्यांचें गांव. दूरदूरच्या खेड्यांतून, कर्नाटकांतूनहि लोक रोगी घेऊन येतात, आणि रोग्याचे नातेवाईक बाहेर विटांच्या चुलीवर कांहीं तरी शिजवून दिवस काढतात. तें धान्य तेथें जातें. घेणाऱ्याची जात व धर्म विचारीत नाहींत, व देणाऱ्याचाहि सांगत नाहींत. त्या वर्षीं नातू बरोबर आला होता. परततांना त्यानें कांहीं विचारलें नाहीं. पण पुढच्या भस्म-बुधवारीं डबा फळीवरून त्यानें काढला.

आमच्या मतें कोणत्याहि सणाची किंवा व्रताची परीक्षा हीच आहे. दिवस कोणीं ठरविला, कोणत्या देशांत ठरविला, हें जाणून घ्यावें. त्यांत ज्ञान आहे व आनंदहि आहे. परंतु त्या दिवसानें आपल्या ताटांतलें कांहीं कमी झालें कीं नाहीं, आणि जें कमी झालें तें कोणाच्या ताटांत गेलें, हें विचारल्याशिवाय तो दिवस आपला होत नाहीं. ही कसोटी चातुर्मासास लागू आहे, रमजानास लागू आहे व आमच्या चाळीस दिवसांसहि लागू आहे. आमच्या वाचकांच्या घरींहि एकादशीचे उपवास होत असतील. त्या दिवशीं वाचलेलें धान्य मुठीनें मोजून ठेवण्याचा प्रयोग एखाद्या सुनेनें अवश्य करून पाहावा. वर्षाच्या चोवीस एकादशांत तें किती भरतें, हें तिनें लिहून ठेवावें, आणि आषाढींत जवळच्या दिंडीस किंवा मिरजेच्या त्या चुलींकडे पोंचतें करावें.